वसाहतीच्या शोषखड्ड्यांतून विहिरीत नायट्रेट किती उतरते?

आपण विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे आहेत हे वाचणाऱ्याला कळेल. बोरी नदीच्या खोऱ्यातील आपल्या गावाची लोकसंख्या सुमारे १५०० असून नळयोजना एकाच विहिरीवर चालते. विहिरीच्या वरच्या अंगाला ४ हेक्टरांवर गेल्या दहा वर्षांत १२० घरांची वसाहत झाली आहे आणि प्रत्येक घराला सेप्टिक टँक व शोषखड्डा आहे. दिवाळीनंतरच्या तपासणीत विहिरीच्या पाण्यात नायट्रेट प्रतिलिटर ६२ मिलिग्रॅम आढळले, तर वसाहतीच्याही वर असलेल्या शेतातील विहिरीत ते २२ मिलिग्रॅम होते. आता लगतच आणखी १२० प्लॉट पडणार आहेत. हे नायट्रेट वसाहतीचे की खतांचे, आणि घरे दुप्पट झाल्यावर ते कुठवर जाईल, असे आपण विचारले आहे.

माझ्या हिशेबाने सध्याच्या ६२ पैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा वसाहतीचा असावा, आणि नवे प्लॉट त्याच उतारावर असतील तर काही वर्षांत आकडा १०० च्या आसपास जाऊ शकेल. परंतु या दोन्ही विधानांमागे जी गृहीतके आहेत ती सूत्रांपेक्षा महत्त्वाची आहेत. अशा कामात अंदाज चुकतो तो बहुधा गुणाकारात चुकत नाही. माणसे लघवी कुठे करतात आणि गवंड्याने खड्डा कुठवर खणला, हे न विचारल्यामुळे चुकतो.

सर्वांत आधी अहवालाचा कागद पुन्हा पाहा. नायट्रेट दोन प्रकारे लिहिले जाते, ‘नायट्रेट’ म्हणून किंवा ‘नायट्रेटमधील नत्र’ म्हणून, आणि या दोहोंत ४.४३ पटींचा फरक असतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रेट म्हणून ४५ मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसला तरी तीत सूट नाही. नत्र म्हणून हीच मर्यादा साधारण १० होते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा नायट्रेट म्हणून ५० आहे. मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रयोगशाळेच्या अहवालावरील १२ हा आकडा पाहून एका हातपंपाला निर्धोक ठरवले होते. चार महिन्यांनी दुसऱ्या नमुन्यात ५५ आल्यावर लक्षात आले की पहिला आकडा नत्राचा होता, म्हणजे नायट्रेट म्हणून ५३. रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेही होते. तेव्हापासून अहवाल हातात आला की मी आकड्याआधी रकान्याचे डोके वाचतो.

आता हिशेबाकडे येऊ. माणूस रोज किती नत्र बाहेर टाकतो हे त्याच्या आहारातील प्रथिनांवर ठरते. भारतीय आहारासाठी दरडोई दरवर्षी सुमारे २.७ किलो, म्हणजे दिवसाला साधारण ७.४ ग्रॅम, हा आकडा स्वच्छताविषयक अभ्यासांत वापरला जातो. प्रत्येक घरात पाच माणसे धरली तर आपल्या वसाहतीत ६०० माणसे होतात आणि त्यांचे वार्षिक नत्र १६२० किलो भरते. हा आकडा डोळ्यांसमोर नीट यावा म्हणून एक तुलना करतो. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी ४४४४ झाडे बसतात, म्हणजे हेक्टरी सुमारे ८९० किलो नत्र झाले. आपल्या वसाहतीचे हेक्टरी सुमारे ४०५ किलो येते. थोडक्यात, दाट वस्तीचा एक हेक्टर हा नत्राच्या दृष्टीने निम्म्या केळीच्या मळ्याइतका आहे, आणि मळ्यात निदान ते नत्र उचलायला पीक उभे असते.

मात्र हे सगळे १६२० किलो टाकीत जात नाही, आणि येथेच बाहेरच्या पुस्तकांतील आकडे आपल्याकडे लागू पडत नाहीत. शरीराबाहेर पडणाऱ्या नत्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग लघवीत असतो. खान्देशातील बहुतेक घरांत शौचालय अंगणाच्या कोपऱ्यात असते आणि लघवीला मोरीचा किंवा न्हाणीचा वापर होतो. मोरीचे पाणी टाकीत न जाता उघड्या गटारात जाते. पुरुष दिवसभर शेतात किंवा कामावर, मुले शाळेत. त्यामुळे टाकीत पोहोचणारा वाटा मी ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान धरतो आणि मधला म्हणून ६० टक्के घेतो. हा वाटा ठरवण्यासाठी यंत्र लागत नाही; वीस-पंचवीस घरांत जाऊन मोरीचे पाणी कुठे जाते, रात्री घरातील माणसे कुठे जातात, हे विचारावे लागते. हे काम आशाताईंकडून किंवा बचत गटातील महिलांकडून करून घ्यावे. पुरुष अधिकाऱ्याला या प्रश्नांची खरी उत्तरे मिळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

गटारात गेलेले नत्र नाहीसे होत नाही, हेही खरे. गटार जिथे संपते तिथले डबके जर विहिरीच्या अंगाला असेल, तर तो वाटा वेगळा मोजावा लागेल. आपल्या नकाशावर गटार नाल्यात खालच्या बाजूला उतरते असे दिसते, म्हणून मी तो सोडून दिला आहे.

टाकीनंतर काय होते ते पाहू. सेप्टिक टँकमध्ये गाळाबरोबर जेमतेम १० ते १५ टक्के नत्र अडकते. बाकीचे अमोनियाच्या रूपात पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाते, आणि खड्ड्याखालच्या हवेशीर थरात जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही; पाणी जाईल तिकडे ते जाते. त्याचे पुन्हा वायूत रूपांतर होऊन ते सुटण्यासाठी हवा नसलेली, ओली आणि सेंद्रिय द्रव्य असलेली जागा लागते. आपली खोल काळी माती पावसाळ्यात अशी जागा ठरू शकते. अडचण अशी की काळ्या मातीत शोषखड्डा पाणी पीत नाही, म्हणून गवंडी काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणतो आणि मगच थांबतो. म्हणजे नत्र थोडेफार अडवू शकणारा एकमेव थर आपण स्वतःच्या हाताने वगळलेला असतो. म्हणून टाकी आणि जमीन मिळून होणारी घट मी मुरमात उतरलेल्या खड्ड्यांसाठी १० टक्के, काळ्या मातीतच थांबलेल्या उथळ खड्ड्यांसाठी ४० टक्के आणि मिश्र वसाहतीसाठी २५ टक्के धरतो.

याच संदर्भात एक वाक्य वसाहतीत नक्की ऐकायला मिळेल. घरमालक अभिमानाने सांगतो की दहा वर्षांत टाकी एकदाही उपसावी लागली नाही. पाच माणसांच्या घराची तळ बांधलेली टाकी दहा वर्षे न उपसता चालत नाही. अशा ठिकाणी मी झाकण उघडायला सांगतो, आणि बहुतेक वेळा खाली सिमेंटच्या रिंगा एकावर एक ठेवलेल्या असतात आणि तळाला नुसता मुरूम असतो. ती सेप्टिक टँक नसून खोल शोषखड्डाच असतो. अशा घरांसाठी गाळात अडकणारा वाटा शून्य धरावा.

आता गुणाकार करू. मधल्या आकड्यांनी १६२० किलोच्या ६० टक्के आणि त्याच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे ७३० किलो नत्र दरवर्षी भूजलात उतरते. सगळी गृहीतके सौम्य बाजूला झुकवली तर ३९० किलो आणि कडक बाजूला झुकवली तर ११६५ किलो येतात. या तीनपट पल्ल्याला घाबरू नये. आकडा एकच सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या बाजूने, विहिरीकडून, हिशेब केला की हा पल्ला अरुंद होतो. ही पडताळणी फार कमी लोक करतात. १५०० माणसांना दरडोई ५५ लिटर म्हणजे दिवसाला ८२,५०० लिटर आणि वर्षाला सुमारे ३०,१०० घनमीटर पाणी आपली विहीर उपसते. नायट्रेट ६२ म्हणजे नत्र १४. तेव्हा विहीर वर्षाला सुमारे ४२० किलो नत्र वर काढते. वरच्या शेतातील विहिरीत नायट्रेट २२, म्हणजे नत्र ५ आहे. तेवढे शेतातून येतेच असे मानले तर त्याचे १५० किलो होतात. उरलेले २७० किलो वसाहतीचे. हाच तो दोन तृतीयांश वाटा.

वसाहतीतून भूजलात उतरणारे ३९० ते ११६५ किलो आणि विहिरीत पोहोचणारे २७० किलो, यांतील तफावत तीन गोष्टींनी समजते. वसाहतीचा काही भाग विहिरीच्या ओढीबाहेर, म्हणजे विहीर जिथून पाणी ओढते त्या भागाबाहेर, असेल. काही नत्र अजून वाटेत असेल. किंवा वाटेत घट अधिक होत असेल. यांपैकी दुसरी गोष्ट खरी असेल तर एकही नवे घर न बांधता विहिरीचा आकडा वाढत जाईल. मधल्या आकड्याने वसाहतीचे सगळे ७३० किलो विहिरीत आले, तर नायट्रेट सुमारे १३० होईल. सध्याचाच वाटा कायम राहून घरे दुप्पट झाली, तर २७० चे ५४० होतील, शेताचे १५० मिळून ६९०, आणि नायट्रेट सुमारे १०० येईल.

आपण जोडलेल्या सल्लागाराच्या टिपणात १९९२ साली अमेरिकेत हँट्शे आणि फिनेमोर यांनी मांडलेले समीकरण वापरले आहे. ते समीकरण सोपे व योग्य आहे: सांडपाण्याचे नत्र आणि पावसाच्या पाण्याबरोबर उतरणारे नत्र यांची बेरीज, भागिले दोन्ही पाण्यांची बेरीज. चूक त्यात भरलेल्या एका संख्येत आहे. सल्लागारांनी सांडपाण्यातील नत्र प्रतिलिटर ६० मिलिग्रॅम धरले आहे. जिथे न्हाणी, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र सगळे एकाच टाकीला जोडलेले असते, तिथे हा आकडा बरोबर आहे. आपल्याकडे टाकीत फक्त शौचालयाचे पाणी जाते, बादली-मगाने माणशी फार तर १५ लिटर. त्या १५ लिटरमध्ये ४.४ ग्रॅम नत्र (७.४ च्या ६० टक्के) म्हणजे प्रतिलिटर सुमारे ३०० मिलिग्रॅम. त्यांनी पाणी १५ लिटर घेतले आणि नत्र ६० घेतले, त्यामुळे टाकीत येणारा भार पाचपटीने कमी झाला आणि वसाहत निर्दोष सुटली. म्हणून आपल्याकडे माणसांपासून किलो मोजत यावे, लिटरपासून सुरुवात करू नये.

विहिरीला हे पाणी कुठून येते, हा प्रश्न अजून बाकी आहे. जिल्ह्याचा पाऊस ढोबळमानाने ७०० मिलिमीटर आणि सांध्या-भेगांच्या बेसाल्टमध्ये मुरणारा वाटा १२ टक्के धरला तर वर्षाला ८४ मिलिमीटर पाणी जमिनीत उतरते. ३०,१०० घनमीटरांसाठी त्या हिशेबाने सुमारे ३६ हेक्टर जमीन लागते, आणि त्यात वसाहतीचे ४ हेक्टर म्हणजे नववा हिस्सा. पण हे ३६ हेक्टर नेमके कोणते, हे उताराकडे पाहून ठरवू नये. वसाहतीच्या अलीकडे-पलीकडे निदान तीन विहिरी निवडून, पंप रात्रभर बंद ठेवून, पहाटे पाण्याची खोली टेपने मोजावी आणि काठांची उंची लेव्हल यंत्राने घ्यावी. मोबाइलवरील उंची चालत नाही. तिची चूक काही मीटरची असते आणि आपला फरक अर्ध्या मीटरचा असू शकतो. शिवाय धुळे-नंदुरबारकडे आणि काही प्रमाणात आपल्या पट्ट्यातही बेसाल्टला छेदून गेलेल्या डाइकच्या काळ्या भिंती आहेत. अशी भिंत मध्ये असेल तर शंभर मीटरवरची वसाहतही विहिरीला काही देत नाही, आणि भिंतीलगतचा खडक फुटलेला असेल तर लांबचे पाणी तिच्या कडेने धावत येते. शेतकऱ्यांना या भिंती ठाऊक असतात, त्यांना विचारावे.

खत की मैला हे ओळखण्यासाठी क्लोराइड तपासावे असे आपल्याला कोणी सुचवले आहे. कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात ही सूचना चांगली आहे, कारण माणसाच्या मिठातून दिवसाला सुमारे ६ ग्रॅम क्लोराइड बाहेर पडते, तर युरियात ते नसते. नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढलेले असेल तर बोट मैल्याकडे जाते. रावेर-यावलकडे मात्र हीच कसोटी फसवते. केळीला झाडामागे २०० ग्रॅम पालाश म्युरिएट ऑफ पोटॅशमधून दिले की त्याबरोबर सुमारे १५७ ग्रॅम क्लोराइड जाते. म्हणजे नत्र आणि क्लोराइड यांचे गुणोत्तर १.२७ येते. माणसाच्या बाबतीत ७.४ भागिले ६, म्हणजे १.२३. दोन्ही जवळजवळ एकच! मी स्वतः हा गुणाकार करून पाहीपर्यंत त्या पट्ट्यातील अहवालांत क्लोराइडच्या आधारे निष्कर्ष काढत असे. तिथे नत्राच्या समस्थानिकांची, म्हणजे जड आणि हलक्या नत्राच्या प्रमाणाची, तपासणी लागते: रासायनिक खताचे मूल्य शून्याच्या आसपास असते, मैल्याचे साधारण १० च्या पुढे जाते. तीही गोठ्याचे शेण आणि माणसाचा मैला यांत फरक करू शकत नाही. कॅफिन किंवा कृत्रिम गोडी देणारी द्रव्ये आढळली, तर मात्र ती गाईची नव्हेत. ई-कोलाय सापडले तर मैला जवळ आहे हे नक्की. सापडले नाही म्हणून नायट्रेट मैल्याचे नाही असे होत नाही, कारण जिवाणू वाटेत मरतात आणि नायट्रेट पुढे जात राहते.

आपली विहीर जुन्या गावठाणाला लागून असेल तर आणखी एक उगम ध्यानात घ्यावा. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यानपिढ्यांच्या राखेने, शेणाने आणि मुताने भरलेली पांढरी माती शेतकरी पूर्वी गाड्या भरभरून शेतात टाकत. उत्तर भारतात अशाच मातीतून शोरा, म्हणजे नायट्रेटचाच क्षार, काढत. जुने वाडे पडून जागा उघडी झाली की पाऊस हे साठलेले नायट्रेट खाली नेतो. ते वसाहतीच्या नावावर टाकणे योग्य होणार नाही.

गावकरी एक आक्षेप घेतील, तो मी अनेक गावांत ऐकला आहे: “भाऊ, पानी ते गोड शे.” पाणी गोड आहे हे खरेच असते. नायट्रेटला या प्रमाणात ना चव, ना वास, ना रंग. १९४५ साली आयोवातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी बाटलीचे दूध पिणारी तान्ही बाळे निळी पडण्याचा संबंध विहिरीतील नायट्रेटशी जोडला, तेव्हाही त्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या मोठ्या माणसांना काही जाणवत नव्हते. ही मर्यादा मुख्यतः सहा महिन्यांच्या आतील बाळांसाठी ठरलेली आहे. त्यामुळे या विहिरीचे पाणी वरच्या दुधात किंवा बाळाच्या खाद्यात वापरू नये, हे आजच घरोघर सांगावे. उकळून काही होत नाही; पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते. पाणी निर्जंतुक करण्याच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनेही ते जात नाही. आरओने ते बऱ्याच अंशी निघते. पण त्यातून वाया जाणारे पाणी शोषखड्ड्यात सोडू नये, नाहीतर तेच नायट्रेट परत खाली जाईल.

नव्या प्लॉटांसाठी दोन खड्ड्यांचे शौचालय सुचवले जात आहे. जंतूंच्या दृष्टीने ते उत्तम आहे. नायट्रेटच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही, कारण लघवीतील नत्र त्यातूनही जमिनीतच जाते. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर दूर असावा हा नियमही जंतूंसाठी आहे. नायट्रेटला १८ मीटर काहीच नाहीत. खरा फरक तीन गोष्टींनी पडेल: खड्डे उथळ ठेवून काळ्या मातीतच आडवे पसरवणे, नव्या प्लॉटांचे सांडपाणी बंद नळाने विहिरीच्या ओढीबाहेर नेणे, किंवा पिण्याचा स्रोतच वसाहतीच्या वर हलवणे. आटलेल्या बोअरमध्ये टाकीचा ओव्हरफ्लो सोडण्याची जी पद्धत काही ठिकाणी रुजली आहे, ती वसाहतीत कुठे असेल तर ती प्रथम बंद करावी. तशी एक बोअर माझ्या वरच्या साऱ्या हिशेबाला निरर्थक ठरवू शकते, कारण तिथे माती मध्ये येतच नाही.

पुढच्या तपासणीसाठी मेअखेर, पहिल्या दोन जोरदार पावसांनंतर, आणि नोव्हेंबरात असे तीन वेळा नमुने घ्यावेत. नमुने चार ठिकाणांचे असावेत: वरच्या शेताची विहीर, वसाहतीच्या मधोमध असलेली एखादी बोअर, गावाची विहीर आणि नाल्याच्या खालच्या अंगाची विहीर. पंप निदान दहा मिनिटे चालवून मगच बाटली भरावी, ती बर्फात ठेवावी आणि दोन दिवसांच्या आत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पोहोचवावी. गावातील तपासणी संच रंग पाहून ढोबळ आकडा देतो. तो महिन्यामहिन्याचा कल पाहण्यापुरता वापरावा. वसाहतीतील बोअरमध्ये नायट्रेट २०० च्या पुढे आणि शेतातील विहिरीत पुन्हा २० च्या आसपास आले, तर माझा दोन तृतीयांशाचा आकडा टिकेल. बोअरमध्येही ४०-५० च निघाले, तर मोरीच्या पाण्याविषयीचे माझे गृहीतक किंवा भूजलाची दिशा चुकलेली आहे असे समजावे, आणि ते तीन विहिरींच्या पातळीचे आकडे मला पाठवावेत.